खाऱ्या वाऱ्याचे व्याज

गेल्या वर्षी मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला त्या रात्री आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील सज्जाचा एक मोठा तुकडा खाली कोसळला. अंगणात कोणी नव्हते, म्हणून केवळ एका स्कूटरवर निभावले. सकाळी आम्ही सर्व रहिवासी खाली जमून वर पाहत उभे होतो. तुकडा जिथून निखळला होता, तिथे सळया उघड्या पडल्या होत्या. एके काळी बोटाएवढ्या जाड असलेल्या त्या सळया हाताने पापुद्रे सुटावेत अशा झाल्या होत्या. इमारत १९८४ सालची. समुद्र तिच्यापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. हवेशीर जागा म्हणून आमच्या वडीलधाऱ्यांनी ती घेतली होती, आणि त्याच हवेने चाळीस वर्षांत आपले काम चोख बजावले होते.

त्यानंतर पंधरवड्याने सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा भरली. अभियंत्याने दुरुस्तीचा जो अंदाज दिला होता, तो प्रत्येक सदनिकेमागे चार लाख रुपयांच्या घरात जात होता. सभा नेहमीसारखीच तापली. शेवटी दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका उठल्या आणि माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्ही अर्थशास्त्र शिकवता, म्हणून तुम्हालाच विचारते. मी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. हे चार लाख मी नेमके कोणासाठी खर्च करायचे?"

मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. न सुचण्यास आणखी एक कारण होते. दहा वर्षांपूर्वी मी या सोसायटीचा खजिनदार होतो. जिन्यातील खांबांवर तांबूस डाग आणि उभ्या भेगा तेव्हाही दिसू लागल्या होत्या. दुरुस्ती निधीची वर्गणी वाढवावी, अशी सूचना एका सभासदाने केली होती आणि ती नामंजूर करण्यात माझाही हात वर होता. आम्ही त्या वर्षी भेगा सिमेंटने बुजवल्या आणि इमारतीला रंग काढला. रंग सुरेख दिसत होता. हा लेख म्हणजे त्या बाईंच्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. आणि तो प्रश्न केवळ आमच्या इमारतीपुरता नसल्याने ते जाहीरपणे देणे योग्य वाटते.

प्रथम समुद्र नेमके काय करतो, हे समजून घेतले पाहिजे. खारे पाणी काँक्रीटला खाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती फारशी खरी नाही. मालवणच्या समुद्रात उभी असलेली सिंधुदुर्गाची तटबंदी साडेतीनशे वर्षे लाटा झेलीत आहे. रोमन लोकांनी ज्वालामुखीची राख आणि चुना यांच्या मिश्रणातून बांधलेले बंदरांचे धक्के दोन हजार वर्षांनंतरही पाण्यात सापडतात. या बांधकामांना आणि आपल्या इमारतींना वेगळे करणारी वस्तू एकच, ती म्हणजे पोटातील लोखंड. काँक्रीट दाब उत्तम सोसते, परंतु ताण सोसण्याची त्याची शक्ती फार थोडी असते. तो ताण सोसण्यासाठी आपण त्यात सळया घालतो. त्यामुळेच उंच इमारती आणि लांब गाळ्यांचे पूल शक्य झाले. पण त्याच सळयांमुळे हवेपाण्याला बळी पडणारी एक गोष्ट बांधकामाच्या अंतरंगात जाऊन बसली.

निसर्गाने, अथवा रसायनशास्त्राने म्हणा, येथे मोठी कृपा केली आहे. सिमेंटमध्ये पाणी मिसळल्यावर जो चुना निर्माण होतो, त्यामुळे काँक्रीटचा अंतर्भाग तीव्र अल्कधर्मी राहतो. अशा वातावरणात लोखंडावर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा तयार होतो आणि तो टिकून आहे तोवर सळई गंजत नाही. मिठातील क्लोराइडचे कण मात्र काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत झिरपत जातात आणि सळईपाशी त्यांचे प्रमाण पुरेसे वाढले की तो पापुद्रा जागोजागी भेदतात. तेथून गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो. त्याचे आकारमान दुपटीपासून सहापटीपर्यंत वाढते. ही वाढ सामावण्यास आत जागा नसते, म्हणून काँक्रीटला आतून तडा जातो. तडा गेला की पाणी, हवा आणि मीठ यांना राजमार्ग मिळतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटताना उडणाऱ्या तुषारांतून ते वाऱ्यावर स्वार होतात आणि किनाऱ्यालगतच्या प्रत्येक भिंतीवर बसतात. सर्वांत वाईट अवस्था सतत बुडालेल्या भागाची नसते, कारण तेथे प्राणवायू कमी पोहोचतो. ती असते भरती-ओहोटीच्या पट्ट्याची आणि तुषार झेलणाऱ्या भागाची. तेथे काँक्रीट आळीपाळीने भिजते आणि वाळते, आणि प्रत्येक वेळी थोडे मीठ मागे राहते.

मीठ आणि सळई यांच्या दरम्यान उभा असतो तो केवळ काँक्रीटचा एक थर. बांधकामावरील प्रत्येक मुकादम त्याला 'कव्हर' म्हणतो. हा थर किती जाड असावा, हे भारतीय मानक संस्थेच्या ४५६ क्रमांकाच्या संहितेत दिलेले असते. तिच्या १९७८ सालच्या आवृत्तीत साध्या परिस्थितीत स्लॅबसाठी १५ मिलिमीटर कव्हर पुरेसे मानले होते. समुद्राच्या थेट संपर्कातील कामांसाठी अधिक जाडीची तरतूद तेव्हाही होती. २००० सालच्या आवृत्तीत परिस्थितीचे पाच वर्ग स्पष्टपणे पाडले गेले. अगदी सौम्य वातावरणासाठी २० मिलिमीटर, किनारपट्टीच्या उघड्या हवेसाठी ४५, समुद्राच्या तुषारांसाठी ५० आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यासाठी ७५ मिलिमीटर. त्याबरोबर काँक्रीटची प्रत आणि त्यातील पाण्याचे सिमेंटशी प्रमाण यांवरही बंधने आली, कारण पाणी जितके अधिक, तितके काँक्रीट सच्छिद्र.

या मिलिमीटरांचे महत्त्व एका साध्या हिशेबातून कळते. मीठ आत झिरपते ते एकसारख्या वेगाने नव्हे. त्याने गाठलेली खोली ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. याचा व्यवहारातील अर्थ असा, की एखाद्या काँक्रीटमध्ये २५ मिलिमीटर आत पोहोचण्यास मिठाला दहा वर्षे लागत असतील, तर ५० मिलिमीटर पोहोचण्यास वीस नव्हे, चाळीस वर्षे लागतील. कव्हर दुप्पट केले की मुदत चौपट होते. पण हाच नियम उलट्या दिशेनेही तितक्याच कठोरपणे चालतो. नकाशात २५ मिलिमीटर लिहिले आणि प्रत्यक्षात १५ भरले, तर मुदत सुमारे ३६ टक्क्यांवर येते. करंगळीच्या रुंदीएवढ्या निष्काळजीपणाने जवळजवळ दोन-तृतीयांश आयुष्य गमावले जाते.

आणि हा निष्काळजीपणा किती सहज घडतो, हे कोणत्याही बांधकामावर अर्धा तास उभे राहिल्यास दिसते. सळयांच्या जाळीखाली ठरावीक उंचीचे ठोकळे ठेवण्याऐवजी हाताला येईल तो खडीचा तुकडा सरकवला जातो. काँक्रीट ओतताना बिगारी जाळीवरून ये-जा करतात, तुकडा निसटतो आणि जाळी सेंटरिंगच्या फळ्यांना टेकते. घमेली लवकर रिकामी व्हावीत म्हणून मिश्रणात एक बादली पाणी अधिक घातले जाते. मग सात-दहा दिवस नेमाने पाणी मारायचे, ते तीन दिवसांत संपते. खाडीची रेती न धुता वापरली असेल, तर मिठाला बाहेरून येण्याचेही कष्ट पडत नाहीत. या सर्वांवर शेवटी गिलावा होतो, रंग लागतो आणि ग्राहकाच्या हाती किल्ली पडते.

येथून पुढे प्रश्न अभियांत्रिकीचा उरत नाही, तो अर्थशास्त्राचा होतो. काँक्रीट टिकाऊ कसे करावे, हे ज्ञान आज दुर्मिळ नाही. दाट काँक्रीट, पुरेसे कव्हर, झोतभट्टीची मळी किंवा औष्णिक केंद्रांतील राख यांचे योग्य मिश्रण, आणि जेथे अत्यावश्यक तेथे न गंजणाऱ्या पोलादाच्या सळया हे उपाय सर्वज्ञात आहेत. मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर प्रोग्रेसो येथे १९३७ ते १९४१ या काळात बांधलेला एक धक्का आहे. सुमारे दोन किलोमीटर समुद्रात शिरणाऱ्या या धक्क्यात न गंजणाऱ्या पोलादाच्या सळया वापरल्या आणि आठ दशकांनंतरही तो उभा आहे. त्याच्या शेजारी नंतर साध्या सळयांनी बांधलेला धक्का मात्र जवळजवळ नामशेष झाला. एकाच समुद्राने दोघांना दोन वेगळे निकाल दिले. तेव्हा ज्ञान आहे, साहित्य आहे, उदाहरणेही आहेत. तरीही आपण नाशिवंत का बांधतो?

याचे पहिले उत्तर असे, की जो खर्च वाचवतो तो आणि जो त्याची किंमत मोजतो तो, हे दोघे वेगळे असतात. कव्हरमध्ये झालेली कसर ग्राहकाला दिसत नाही. फरशी दिसते, नळ दिसतात, खिडकीतून समुद्र दिसतो. ज्या बाजारात विकणाऱ्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला नसतो, तेथे चांगला माल हळूहळू हद्दपार होतो, हे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना पुढे २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. स्लॅबच्या पोटातील कव्हर हे त्या सिद्धान्ताचे जुन्या मोटारीपेक्षाही चोख उदाहरण ठरावे. मोटार निदान चालवून पाहता येते. कायद्याने ग्राहकाला संरक्षण दिले आहे, हे खरे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत संरचनेतील दोष आढळल्यास तो विकासकाने विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. परंतु मीठ पाच वर्षांत क्वचितच सळईपर्यंत पोहोचते. त्याचे काम दहाव्या, पंधराव्या वर्षी दिसू लागते, आणि तोवर हमीची मुदत संपून बराच काळ लोटलेला असतो.

आमच्यासारख्या इमारतींच्या बाबतीत काळाचाही एक दोष आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सिमेंट ही नियंत्रित वस्तू होती. परवान्यासाठी अर्ज करायचा, महिनोन्‌महिने वाट पाहायची आणि गरज भागली नाही की काळ्या बाजाराची पायरी चढायची, हा त्या पिढीचा अनुभव. सिमेंटच्या वाटपाचा संबंध देणग्यांशी जोडला गेल्याच्या प्रकरणात १९८२ च्या जानेवारीत राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले, इतका तो विषय ज्वलंत होता. त्याच वर्षी सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त झाले आणि १९८९ मध्ये पूर्णतः. जी वस्तू टंचाईची असते, ती काटकसरीने वापरली जाते, किंवा तिच्यात भेसळ होते. त्या टंचाईच्या काळात किनाऱ्यालगत उभ्या राहिलेल्या इमारती आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. धोरणातील एका चुकीची वसुली चाळीस वर्षांनी, तिच्याशी काहीही संबंध नसलेल्या माणसांकडून होत आहे.

दुसरे उत्तर असे, की आपल्या हिशेबाच्या पद्धतीतच झीज दिसत नाही. डच अभियंता डी सिटर यांनी १९८४ मध्ये एक ढोबळ नियम मांडला. आरंभीच चांगल्या रचनेवर आणि बांधकामावर जो एक रुपया खर्चायचा, तो टाळला तर देखभालीवर पाच रुपये, तेही टाळले तर दुरुस्तीवर पंचवीस आणि तेही टाळले तर पुनर्बांधणीवर सव्वाशे रुपये खर्चावे लागतात. यावर एखादा चतुर हिशेबनीस म्हणेल, की आजचा रुपया आणि तीस वर्षांनंतरचा रुपया एक नव्हे. आक्षेप रास्त आहे. मग तो मान्य करूनच हिशेब करू. द.सा.द.शे. १० असा चांगला कडक व्याजदर धरला, तर तीस वर्षांनंतरच्या एका रुपयाचे आजचे मूल्य पावणेसहा पैशांच्या आसपास भरते. त्या हिशेबाने तीस वर्षांनंतरचे सव्वाशे रुपये आजचे सव्वासात रुपयांच्या आत येतात. म्हणजे भविष्याला इतके स्वस्त लेखूनही आजचा एक रुपया वाचवणे हा तोट्याचाच व्यवहार ठरतो. वीस वर्षांनी करावयाच्या दुरुस्तीचे पंचवीस रुपये त्याच दराने आजचे पावणेचार रुपये होतात. सावकाराच्या वहीतही न बसणारा हा व्यवहार आपण राजीखुशीने करतो, कारण रुपया वाचतो तो एकाचा आणि सव्वासात जातात ते दुसऱ्याचे.

सार्वजनिक बांधकामांत हे अधिकच ठळकपणे दिसते. मुंबईला वाशीशी जोडणारा ठाणे खाडीवरील पहिला पूल सत्तरच्या दशकाच्या आरंभी वापरात आला. त्यातील ताणलेल्या तारांना गंजाने ग्रासले, वाहतुकीवर मर्यादा घालाव्या लागल्या आणि नव्वदच्या दशकात शेजारी दुसरा पूल बांधावा लागला. गोव्यात पणजीजवळ मांडवीवरील पूल १९७० च्या सुमारास बांधला गेला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. त्यात माणसे दगावली आणि राजधानीला बारदेशाशी जोडण्यासाठी पुन्हा फेरीबोटींना साद घालावी लागली. खाऱ्या हवेतील गंजाकडे त्या दुर्घटनेचे कारण म्हणून बोट दाखवले जाते. १९८३ साली खुल्या झालेल्या जुवारी पुलावरही पुढे अवजड वाहनांना बंदी घालणे भाग पडले. यांपैकी कोणताही पूल शतायुषी तर सोडाच, साठीही सुखाने गाठू शकला नाही.

असे का होते, याचे एक कारण अंदाजपत्रकांच्या इतिहासात सापडते. आपल्याकडे दीर्घकाळ खर्चाचे योजना आणि योजनेतर असे दोन वर्ग होते. नवा पूल योजनेत बसे, जुन्या पुलाची देखभाल योजनेतर खर्चात जाई. आणि योजनेतर खर्च म्हणजे उधळपट्टी, तो कापणे म्हणजे काटकसर, अशी समजूत रूढ झाली होती. २०१७-१८ च्या केंद्रीय अंदाजपत्रकापासून हा भेद मोडीत निघाला, पण त्याने घडवलेली मनोवृत्ती मोडीत निघाली असे म्हणवत नाही. नव्या पुलाला कोनशिला असते, फीत असते, छायाचित्र असते. जुन्या पुलाच्या बेअरिंगना वंगण दिल्याबद्दल कोणाची मिरवणूक निघालेली नाही. शिवाय राष्ट्रीय उत्पन्नाच्या ढोबळ आकड्यात पूल बांधला की भर पडते, आणि तो गंजून दुसरा बांधला की पुन्हा भर पडते. मधल्या काळात मिठाने जी संपत्ती खाल्ली, तिची वजावट घसाऱ्याच्या ज्या रकान्यात होते, त्याकडे वर्तमानपत्रे वाचणारा नागरिक सोडाच, अर्थशास्त्राचा विद्यार्थीही परीक्षेपुरताच पाहतो.

आता पुन्हा त्या वृद्ध शिक्षिकेच्या प्रश्नाकडे येऊ. त्यांचा प्रश्न स्वार्थी नव्हता, तो काटेकोर होता. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुढील तीस वर्षांसाठी चार लाख रुपये गुंतवणे व्यक्तिगत हिशेबात बसत नाही. चूक त्यांची नाही. चूक त्या बिलाच्या तारखेची आहे. मीठ रोज आत शिरत होते, झीज रोज होत होती, परंतु बिल मात्र चाळीस वर्षांनी, जो कोणी त्या दिवशी घरात राहत असेल त्याच्या नावाने आले. मधल्या काळात ज्यांनी येथे राहून, समुद्राचा वारा घेऊन, चढ्या भावाने घर विकून अन्यत्र स्थलांतर केले, त्यांनी आपल्या वाट्याची झीज भरलीच नाही. माझ्यासारख्या खजिनदारांनी ती भरू दिली नाही, असे म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल.

नियम नव्हते असेही नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दरसाल दुरुस्ती निधी आणि किमान पाव टक्का दरसाल निक्षेप निधी घेण्याची तरतूद आहे. पण बांधकाम खर्च कोणता? आमच्या वहीत तो १९८४ चाच राहिला. सदनिकेचा बांधकाम खर्च ऐंशी हजार रुपये धरून पाव टक्क्याने वर्षाला दोनशे रुपये जमत गेले. चाळीस वर्षांचे, व्याज सोडून, आठ हजार होतात. चार लाखांच्या खड्ड्यापुढे आठ हजारांची ही घमेली किती पुरणार? नियमाचे शब्द आम्ही पाळले आणि त्याचा हेतू महागाईत वाहून जाऊ दिला.

हे दुखणे केवळ आपल्याकडचे आहे, असे मानून स्वतःला बोल लावण्याचे कारण नाही. अमेरिकेत फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर सर्फसाइड येथे १९८१ साली पूर्ण झालेली एक बारा मजली इमारत २४ जून २०२१ च्या मध्यरात्रीनंतर कोसळली आणि ९८ माणसे मृत्युमुखी पडली. केवळ गंजामुळे ती पडली, असे नव्हे; मूळ आराखड्यातील उणिवाही तपासात पुढे आल्या. परंतु पोहण्याच्या तलावाभोवतीच्या स्लॅबमधील गळती आणि खाली बिघडत चाललेले काँक्रीट यांची नोंद अभियंत्याने २०१८ मध्येच लिहून दिली होती. रहिवासी तीन वर्षे खर्चावर वाद घालत राहिले. शेवटी दीड कोटी डॉलरची दुरुस्ती ठरली आणि एकेका घराच्या वाट्याला ८० हजारांपासून ३ लाख ३६ हजार डॉलरपर्यंत रक्कम आली. दुरुस्तीला पुरेसा हात लागण्यापूर्वीच इमारत गेली. त्यानंतर २०२२ मध्ये फ्लॉरिडाने कायदा करून जुन्या इमारतींची ठरावीक वर्षांनी तपासणी आणि संरचनेसाठी राखीव निधी या गोष्टी सक्तीच्या केल्या. त्या सभांमध्येही कोणी ना कोणी निवृत्त शिक्षिका उठून हाच प्रश्न विचारत असेल, आणि तिलाही तेव्हा उत्तर मिळाले नसेल.

मग करावे काय? माझ्या मते चार गोष्टी तातडीच्या आहेत. पहिली, किनारपट्टीच्या प्रत्येक नव्या इमारतीत भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी कव्हरची जाडी उपकरणाने मोजून तिची नोंद सार्वजनिक करावी. हे मोजमाप काँक्रीट न फोडता होते. ग्राहकाला जे दिसत नाही ते दिसू लागले की बाजारात चांगल्या मालाला भाव मिळेल. दुसरी, समुद्रकाठच्या बांधकामासाठी संरचनेच्या हमीची मुदत पाच वर्षांची न ठेवता किमान पंधरा वर्षांची असावी, म्हणजे कसर करणाऱ्याच्या हयातीतच तिचे फळ दिसेल. तिसरी, संस्थांचा निधी मूळ खर्चावर नव्हे, तर आजच्या पुनर्बांधणीच्या खर्चावर आकारावा आणि घर विकताना त्या दिवसापर्यंतच्या झिजेचा वाटा विकणाऱ्याने भरल्याचा दाखला आवश्यक करावा. चौथी, प्रत्येक मोठ्या पुलाच्या खर्चातच त्याच्या देखभालीची ठेव बाजूला काढावी आणि तपासणीचे अहवाल लोकांसाठी खुले असावेत. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला, २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू शंभर वर्षांच्या आयुष्यासाठी रचला आहे, असे सांगितले जाते. त्या शब्दावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. परंतु शंभर वर्षे हा केवळ अभियंत्याचा आकडा नसतो. तो पुढील वीस-पंचवीस मंत्रिमंडळांनी पाळावयाचा शब्द असतो.

यावर आक्षेप येईल, की याने घरे महागतील. थोडी महागतील, यात शंका नाही. अधिक कव्हर म्हणजे अधिक काँक्रीट, अधिक वजन आणि थोडी अधिक खोल तुळई. पण आज घरे स्वस्त आहेत ती आपण त्यांच्या किमतीचा एक भाग पुढच्या रहिवाशाच्या खात्यावर लिहून ठेवतो म्हणून. गरिबाला स्वस्त घर द्यायचे, तर त्याची किंमत समाजाने उघडपणे उचलावी. तिचा भार त्याच गरिबावर वीस वर्षांनी पडणाऱ्या स्लॅबच्या रूपाने टाकणे, ही स्वस्ताई नव्हे.

संरचना तपासणीचे नियमही पुष्कळ आहेत. पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी तपासणी व्हावी, असे उपविधी सांगतात. परंतु तपासणीचा अहवाल म्हणजे केवळ निदान होय. औषधाचे पैसे बाजूला ठेवले नसतील, तर निदान कपाटात जाते. आमच्याकडेही एक जुना अहवाल कपाटात होता. त्यात स्पष्ट लिहिले होते, की वरवर सिमेंट भरू नये. गंजलेली सळई साफ न करता, मीठ शिरलेले काँक्रीट न काढता केलेली डागडुजी शेजारच्या भागातील गंज उलट वाढवते. आम्ही तो अहवाल दाखल करून घेतला आणि त्याच महिन्यात वरवर सिमेंट भरले.

सभेचा शेवट मात्र माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळा झाला. पुढील बैठकीत मी एक हिशेब मांडला. चार लाखांपैकी प्रत्येकाने जितकी वर्षे येथे वास्तव्य केले, त्या प्रमाणात मागील झिजेचा वाटा. उरलेली रक्कम पुढील वर्षांत हप्त्याने. आणि यापुढे वर्गणी आजच्या बांधकाम खर्चावर. मागील वाटा भरणाऱ्यांत माझे नाव वरच्या ओळींत होते आणि ते तसेच असणे उचित होते. बाईंनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "म्हणजे हे पुढच्यांसाठी नाही. मी चाळीस वर्षे समोरचा वारा घेतला, त्याचे आहे. असे असेल तर माझे द्यायचे राहिले आहे." त्यांनी पहिला धनादेश त्याच संध्याकाळी दिला.

आमच्या इमारतीभोवती सध्या परांची बांधलेल्या आहेत. मीठ शिरलेले काँक्रीट फोडून काढण्याचा आवाज दिवसभर चालू असतो आणि वर्गात शिकवताना घसा बसलेला असतो तो या धुळीने. काम संपेल तेव्हा इमारत नवी दिसेल, आणि तीच सर्वांत धोक्याची वेळ असेल. कारण रंग ताजा असताना वर्गणी कमी करण्याचा ठराव आणणारा कोणीतरी खजिनदार पुन्हा उभा राहीलच. समुद्र त्या दिवशीही अर्ध्या किलोमीटरवरच असेल.